घसारा

पुस्तकात माझ्या लॅपटॉपची किंमत एक पेसो आहे.
मीच लिहिलीय. आठ वर्षं झाली,
घसारा पुरा झाला, उरलं ते एवढंच:
वस्तू अजून हाताशी आहे
याची खूण म्हणून ठेवलेला एक पेसो.

वालपाराइसोत पायऱ्या फुकट आहेत.
टेकडीची लिफ्ट मार्चपासून बंद,
म्हणून एकशे त्र्याहत्तर पायऱ्या, खांद्याला पिशवी.
वर चांभार, त्याच्याही वर न्हावी,
सगळ्यात वर रॉकेलवाली,
आणि प्रत्येकाकडे बुटांच्या खोक्यात कोंबलेल्या पावत्या.

खांदा फारच कुरकुरायला लागला तेव्हा
मासळीबाजारात नेल्दाच्या काट्यावर ठेवला मी तो,
खवल्यांच्या ओल्या ताटात, खाली वर्तमानपत्र घालून.
दोन किलो सहाशे चाळीस.
"एवढ्यात मोठी रेइनेता आली असती," नेल्दा म्हणाली,
"शिवाय डोक्याचं सूप."

मोठ्या दुकानात नवा होता, काचेवर.
नऊशे ऐंशी ग्रॅम. पोरानं दोन बोटांत उचलून
माझ्या तळहातावर ठेवला,
पाखराचं पिल्लू ठेवावं तसा.
खरं सांगते, हात आपोआप वर गेला,
ओझ्याची सवय झालेला हात, फसला.

"मेमरी वाढवता येते?"
"डाग देऊन बसवलेली असते, बाई. आहे ती आहे."
"बॅटरी?"
"चिकटवलेली."
"उघडतो कसा?"
पोरगा हसला. "उघडायचा कशाला?"
चोवीस हप्ते. मी मनातल्या मनात व्याज काढलं,
त्याच्या फलकावरच्यापेक्षा जास्त आलं.

म्हातारा बाल्दोमेरो किल्ल्या बनवणाऱ्याच्या पाठीमागे बसतो.
चष्मा कपाळावर सारून त्यानं दहा स्क्रू काढले.
अकरावा नव्हताच.
"हा कुठं गेला?"
मला काय माहीत. आठ वर्षांत काय काय पडलं वाटेत.
पंख्याला राखाडी लव, मांजराची,
आणि तिच्याखाली पांढरा थर, कोरडा, बारीक.
"चुना?" त्यानं विचारलं.

चुना नव्हे. पीठ.
फ्रेसियाच्या भट्टीतलं. तिच्या टेबलावर
कणीक आणि कराचे कागद एकत्रच पसरायचे,
पिठाच्या बोटानं ती आकडा दाखवायची,
"हा खोटा वाटतो गं, ओतिलिया. एवढे कधी कमावले मी?"
तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
तिचं खातं मीच बंद केलं,
शेवटचं शून्य नीट गोल काढून.

थांब, म्हणणार होते.
बाल्दोमेरोनं फुस्सकन हवा मारली.

तर मग सोळा जीबी, जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी, बॅटरी,
आणि एक स्क्रू, जो त्यानं हिशेबात धरला नाही.
दीड लाख पेसो. नव्याच्या सहाव्या हिश्शात भागलं.
नऊ सेकंदांत सुरू होतो. पूर्वी तो जागा होईतो
मी चहाचं आधण ठेवून यायचे.
आता चहाच राहून जातो.

परतताना नेल्दानं न सांगता काटा पुसला.
दोन किलो पाचशे ऐंशी.
"साठ ग्रॅम," ती म्हणाली, "म्हणजे एक अंडं.
एका अंड्यापायी एवढा खटाटोप!"

खांदा दुखतोच. पिशवी आता डावीकडे घेते,
नव्वदाव्या पायरीवर टेकते.
तेव्हा कधीकधी तळहाताला आठवतात
ते नऊशे ऐंशी ग्रॅम,
आणि त्या पोराचा मला रागही येत नाही.

रात्री वही काढली. हे दीड लाख घालू कुठं?
दुरुस्ती म्हटलं तर खर्च, यंदाच्या यंदा संपला.
भर म्हटली तर किंमत वाढते,
आणि घसारा पुन्हा पहिल्यापासून.
दुसऱ्या कुणाचं असतं तर उभ्या उभ्या सांगितलं असतं.
तूर्त दोन्हीकडे लिहून ठेवलंय, पेन्सिलीनं.

सातची कळ जरा अडते.
खाली काहीतरी बारीक आहे, दाबलं की करकरतं.
बाल्दोमेरोला सांगितलेलं नाही.